काडतूस चांगले, पण कोणत्या रायफलमध्ये?

अर्धस्वयंचलित .२२ रायफल मधेच अडकली की दोष देण्याच्या दोन ठरलेल्या जागा असतात. एक म्हणतो, काडतूस हलके निघाले. दुसरा म्हणतो, रायफल साफ केली नव्हती. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य असते, म्हणून वाद मिटत नाही आणि शेवटी खरेदीचा निर्णय दुकानदाराच्या सल्ल्यावर किंवा मित्राच्या शिफारशीवर सोडला जातो. पुढील प्रकरणांत रिमफायर काडतुसांचे प्रकार, रायफलची अंतर्गत रचना आणि बिघाडांची कारणे सविस्तर येतात. त्याआधी या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. न अडकता चालणे हा एकट्या काडतुसाचा गुण नाही आणि एकट्या रायफलचाही नाही. काडतूस, चेंबर, बोल्टची स्प्रिंग आणि मॅगझिन या सगळ्यांचे एकमेकांशी किती जमते, यावर तो अवलंबून असतो. त्यामुळे किमतीवरून, कंपनीच्या नावावरून किंवा दुसऱ्याच्या रायफलच्या अनुभवावरून तो ओळखता येत नाही. आपल्याच रायफलमध्ये, पुरेशा संख्येने गोळ्या झाडून तो मोजावा लागतो. हे म्हणणे कोणाला फारच साधे वाटेल. पण रेंजवर होणाऱ्या बहुतेक चर्चा याच्या उलट गृहीत धरून चालतात.

सुरुवात काडतुसापासून करू, कारण सगळ्या अडचणींचे मूळ त्याच्या घडणीत आहे. १८४५ च्या सुमारास फ्रान्समध्ये फ्लोबेरने घरात नेमबाजी करण्यासाठी एक चिमुकले काडतूस तयार केले. १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने त्याच कल्पनेतून .२२ शॉर्ट काढले आणि १८८७ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने आजचे .२२ लाँग रायफल बाजारात आणले. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनीही त्याची मूळ रचना बदललेली नाही. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी वेगळा प्राइमर बसवलेला असतो. इथे तसा काही भाग नाही. पुंगळीच्या बुडाला जी बाहेर आलेली कड असते, तिच्या पोकळ घडीत पेट घेणारे मिश्रण ओले असताना भरतात आणि पुंगळी वेगाने फिरवून ते कडेत सर्वत्र पसरवतात. पिन ही कड चेपते तेव्हा मिश्रण पेटते. कड चेपली जायला हवी म्हणून पितळ पातळ ठेवावे लागते. पितळ पातळ म्हणून आतला दाब मर्यादित ठेवावा लागतो. आणि दाब मर्यादित म्हणून यंत्रणा चालवायला उरणारी ताकदही थोडीच असते. ही साखळी लक्षात घेतली की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. शिवाय गोळीची जाडी पुंगळीच्या बाहेरील जाडीइतकीच असते आणि फक्त तिची अरुंद टाच पुंगळीत बसवलेली असते. शिशाचा उरलेला भाग उघडाच राहतो आणि त्यावरचे मेणही उघडेच. धूळ, कापसाचे तंतू, खिशातली कणी, सगळे त्या मेणाला चिकटते आणि गोळीसोबत चेंबरमध्ये जाते.

आता यंत्रणेकडे पाहू. या रायफलींमध्ये बोल्टला कुलूप नसते. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढ्याच जोराने पुंगळी मागे रेटली जाते आणि ती बोल्टला ढकलते. बोल्टचे वजन आणि त्यामागची स्प्रिंग एवढ्यावरच सारा समतोल असतो. बोल्ट पुरेसा मागे गेला तर रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, हातोडी पुन्हा चढते आणि परत येताना बोल्ट मॅगझिनमधून पुढचे काडतूस उचलतो. हिशेब करून पाहिला तर यातली कसरत कळते. नेहमीच्या चाळीस ग्रेनच्या, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमच्या गोळीचा स्टँडर्ड वेग सेकंदाला सुमारे ३२५ मीटर असतो. हाय व्हेलॉसिटी प्रकारात तीच गोळी ३७५ मीटरने निघते. संवेगातला फरक जेमतेम पंधरा टक्क्यांचा. पण स्प्रिंग दाबायला लागते ती ऊर्जा, आणि ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे बोल्टच्या वाट्याला येणारी ऊर्जा जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते. उलट दिशेला, सीसीआय कंपनीचे 'क्वाएट' हे शांत काडतूस त्याच वजनाची गोळी सेकंदाला सुमारे २१६ मीटर वेगाने सोडते. तिथे बोल्टला मिळणारी ऊर्जा हाय व्हेलॉसिटीच्या एक तृतीयांशावर येते. दारूच्या वायूंचा वाटा यात धरलेला नाही, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत. पण दिशा स्पष्ट आहे. बहुतेक अर्धस्वयंचलित रायफली या काडतुसावर चालत नाहीत. काडतुसात खोट असते म्हणून नव्हे. ते बोल्ट हाताने चालवायच्या रायफलसाठीच बनवलेले असते. पुढे त्याच कंपनीने अर्धस्वयंचलित हत्यारांसाठी वेगळे शांत काडतूस काढले, तेव्हा वेग थोडा वाढवला आणि गोळीही पंचेचाळीस ग्रेनची केली. वजन वाढवून संवेग मिळवायचा आणि आवाज मात्र कमी ठेवायचा, हा त्यामागचा विचार. तुलनेसाठी सांगायचे तर नऊ मिलिमीटर पिस्तुलाच्या गोळीचा संवेग हाय व्हेलॉसिटी गोळीच्याही जवळजवळ तिप्पट असतो. तिथे पंधरा टक्क्यांची उणीव यंत्रणा सहज झेलते, इथे तेवढ्यानेच ती अडखळू शकते.

हे ज्ञान नवे नाही, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा इतिहासातच आहे. १९०३ मध्ये विंचेस्टरने आपली पहिली अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल काढली. थॉमस क्रॉसली जॉन्सन हा तिचा रचनाकार. त्या वेळी .२२ लाँग रायफल दुकानोदुकानी मिळत होते, तरीही कंपनीने ते वापरले नाही. केवळ या रायफलसाठी .२२ विंचेस्टर ऑटोमॅटिक नावाचे स्वतंत्र काडतूस तयार केले, आणि तेही अशा मापाचे की दुसरे कोणतेही काडतूस त्या रायफलमध्ये चालू नये. कारण उघड होते. बाजारात काळ्या दारूची, अर्धधूरहीन आणि धूरहीन दारूची काडतुसे एकाच नावाने विकली जात होती. काळ्या दारूची काजळी अशा यंत्रणेला थोड्याच वेळात बंद पाडते, आणि ग्राहक कोणती डबी उचलेल यावर कंपनीचे काही नियंत्रण नव्हते. म्हणून तिने निवडच काढून घेतली. १९१४ च्या सुमारास रेमिंग्टननेही आपल्या सोळा क्रमांकाच्या मॉडेलसाठी हाच मार्ग पत्करला. यावर कोणी म्हणेल, त्याच वर्षी बेल्जियममध्ये एफएनने बनवायला घेतलेली जॉन ब्राउनिंगची रायफल तर सामान्य काडतुसावर चालत होती. खरे आहे. पण ती रायफल .२२ शॉर्टसाठी वेगळी आणि लाँग रायफलसाठी वेगळी बनत असे. एकीत दुसरीचे काडतूस चालवायचे नसे. म्हणजे ब्राउनिंगनेही एका रायफलला एकच काडतूस नेमून दिले, फक्त ते दुकानात आधीच मिळणारे होते. १९३० च्या दशकात हाय व्हेलॉसिटी काडतुसे आली तेव्हा हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. कोल्ट कंपनीला १९३२ च्या सुमारास आपल्या वुड्समन पिस्तुलाच्या स्प्रिंगच्या मागचा भाग या जोरदार काडतुसांसाठी बदलावा लागला. १९३३ मध्ये विंचेस्टरने जुनी रायफल सुधारून त्रेसष्ट क्रमांकाचे मॉडेल काढले, तेव्हा नळीवरच कोणत्या जोराची काडतुसे वापरायची ते कोरले. कारखानदारांना ठाऊक असलेली ही गोष्ट पुढच्या काळात ग्राहकाच्या नजरेआड झाली. १९५९ ची रेमिंग्टन नायलॉन ६६, १९६० ची मार्लिन मॉडेल ६० आणि १९६४ ची रुगर १०/२२ या रायफली इतक्या चांगल्या बनल्या की काडतुसाचा विचार करावा लागतो हेच लोक विसरले.

रुगर १०/२२ चे नाव घेतले की मॅगझिनवर थोडे थांबायलाच हवे, कारण अडकण्याच्या चर्चेत सर्वांत कमी बोलले जाते ते त्याच्याविषयी. कड असलेली काडतुसे सरळ पेटीत एकावर एक रचली की वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन बसू शकते. मग बोल्टने वरचे काडतूस पुढे ढकलले तरी खालचे त्याला धरून ठेवते. भरताना थोडा निष्काळजीपणा पुरतो. रुगरने यावर फिरत्या मॅगझिनचा उपाय शोधला. त्यात दहा काडतुसे एका दातेरी चक्राच्या खाचांत वेगवेगळी बसतात, कडा एकमेकींना लागतच नाहीत, आणि वरच्या तोंडाशी काडतुसाला वाट दाखवणाऱ्या ओठांचे माप धातूत पक्के केलेले असते. या रायफलच्या लौकिकाचे मोठे श्रेय तिच्या बोल्टपेक्षा या मॅगझिनला द्यावे असे माझे मत आहे. पत्र्याच्या मॅगझिनचे ओठ पडण्या-झडण्याने किंचित वाकले तरी काडतुसाचा चढण्याचा कोन बदलतो. गोल नाकाची गोळी तो बदल निभावून नेते. सपाट किंवा पोकळ टोकाची गोळी चेंबरच्या कडेला अडते. म्हणजे एकच काडतूस एका मॅगझिनमधून सुरळीत चढते आणि दुसऱ्यातून दर दहा गोळ्यांत एकदा आडवे होते. मॅगझिनवर क्रमांक घालून ठेवणारा नेमबाज हे चटकन ओळखतो. क्रमांक न घालणारा काडतुसांना दोष देत बसतो.

चेंबरचेही तसेच. साध्या शिकारी रायफलचे चेंबर जरा सैल असते. अचूकतेसाठी केलेले मॅच चेंबर घट्ट आणि आखूड असते. त्यात बंद होतानाच गोळीचे टोक नळीच्या आतील खोबणींत रुतते. स्पर्धेसाठी हे उत्तम, पण अशा चेंबरमधून न झाडलेले काडतूस बाहेर काढताना गोळी आतच राहून दारू यंत्रणेत सांडण्याची शक्यता असते. अर्धस्वयंचलित रायफलींसाठी या दोहोंच्या मधले बेंट्झ चेंबर पुढे आले ते याच कारणाने. सीसीआयच्या स्टिंगरसारख्या अतिवेगवान काडतुसाची पुंगळी नेहमीपेक्षा दोन मिलिमीटरहून थोडी अधिक लांब असते. सैल चेंबरमध्ये ती निमूट चालते, आखूड मॅच चेंबरमध्ये मात्र तिचे तोंड खोबणींच्या सुरुवातीवर दाबले जाते आणि दाब वाढतो. डबीवर लाँग रायफल लिहिले आहे एवढ्यावर विसंबणे इथे केवळ गैरसोयीचे नाही, धोक्याचेही आहे.

पहिला आक्षेप अनुभवी लोकांकडून येतो: एवढा खल कशाला, हाय व्हेलॉसिटी काडतूस वापरा, प्रश्न मिटला. या सल्ल्याला आधार आहे हे मान्य करायला हवे. वर केलेला हिशेबच सांगतो की जोर वाढला की बोल्ट पुरेसा मागे जाण्याची खात्री वाढते. नव्या रायफलसाठी, जिची स्प्रिंग अजून कडक आहे, सुरुवातीला असेच काडतूस घ्यावे, हे मीही म्हणेन. पण तो सर्वांसाठीचा तोडगा नाही. सेकंदाला सुमारे ३४० मीटर हा आवाजाचा वेग. हाय व्हेलॉसिटी गोळी त्याहून वेगाने निघते आणि लक्ष्याकडे जाताना वाटेत कुठेतरी त्या वेगाच्या खाली येते. त्या टप्प्यावर ती डगमगते आणि नेम पसरतो. स्पर्धेची काडतुसे स्टँडर्ड वेगाचीच का असतात, याचे उत्तर इथे आहे. दुसरे असे की जोर वाढवून केवळ एकाच जातीची अडचण सुटते: बोल्ट कमी मागे जाण्याची. मॅगझिनचे वाकलेले ओठ, नाकाचा आकार, घट्ट चेंबर किंवा कडेत नीट न पसरलेले मिश्रण यांवर जोराचा काही इलाज नाही. उलट हलक्या बोल्टवर किंवा मऊ केलेल्या स्प्रिंगवर जोरदार काडतूस वापरले तर बोल्ट इतक्या वेगाने परततो की मॅगझिनला पुढचे काडतूस वर आणायला वेळ मिळत नाही. नेमबाज पाहतो तेव्हा चेंबर रिकामे असते, आणि तो समजतो की काडतूस आणखी जोराचे हवे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: अडकण्याचे खरे कारण बहुतेक वेळा घाण असते, काडतूस नव्हे. बोल्टला कुलूप नसलेल्या या यंत्रणेत, म्हणजे ब्लोबॅकमध्ये, चेंबर उघडते तेव्हा आत थोडा दाब उरलेला असतो आणि काजळी, मेण, न जळलेली दारू हे सगळे मागे रायफलच्या पोटात येते. चेंबरच्या तोंडाशी कठीण थर बसतो, एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखाली मळ साचतो, पुंगळी धरली जात नाही. हे सारे खरे. पण घाण येते कुठून? काडतुसातूनच. एका प्रकारावर मेणाचा जाड थर असतो, दुसऱ्यावर तांब्याचा पातळ मुलामा. एकाची दारू पूर्ण जळते, दुसऱ्याची दाण्यांनी मागे राहते. थंडीत तर मेणही घट्ट होते आणि यंत्रणेतले तेलही. एकाच रायफलला एका काडतुसाने दोनशे गोळ्यांनंतर साफसफाई लागते आणि दुसऱ्याने सहाशेनंतर, तर स्वच्छता हा काडतुसाच्या निवडीपासून वेगळा प्रश्न उरतो कसा? तो त्या निवडीचाच एक भाग होतो. म्हणून 'आधी साफ कर, मग बोल' हा सल्ला बरोबर असला तरी अपुरा आहे. साफ केल्यावर पुन्हा तेच काडतूस चालवावे, कितव्या गोळीला अडचण येते ते पाहावे, मग दुसऱ्या प्रकाराने तीच मोजणी करावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. काडतूस, मॅगझिन आणि तेल एकदम बदलणाऱ्याला सुधारणा होईलही, पण कशाने झाली ते कळणार नाही.

इथे मोजणीविषयी बोलायला हवे, कारण बहुतेकांचा पुरावा एका डबीचा असतो. पन्नास गोळ्या झाडल्या, एकही अडकली नाही, म्हणून हे काडतूस माझ्या रायफलला मानवते, असा निष्कर्ष निघतो. संख्याशास्त्राचा साधा नियम सांगतो की 'क्ष' प्रयत्नांत एकही बिघाड झाला नाही तर बिघाडाचे खरे प्रमाण पंच्याण्णव टक्के खात्रीने ३ भागिले 'क्ष' याच्या आत आहे, एवढेच म्हणता येते. पन्नासात शून्य म्हणजे सहा टक्क्यांपर्यंत काहीही असू शकते. शंभरात दोनदा अडकणारी जोडी पन्नास गोळ्यांच्या एका डबीत अजिबात न अडकण्याची शक्यता तब्बल ३६ टक्के आहे. तीनशे गोळ्यांत एकही बिघाड नसेल तरच एक टक्क्याच्या खाली असल्याचा दावा करता येतो. त्यातही या नियमात प्रत्येक गोळीचा बिघाड स्वतंत्र धरलेला असतो. प्रत्यक्षात मळ साचत जातो आणि शेवटच्या गोळ्या पहिल्यांपेक्षा जास्त अडतात. म्हणून तीनशे गोळ्या सहा दिवसांत सहा वेळा साफ करून झाडणे आणि एका दिवसात सलग झाडणे यांची उत्तरे वेगळी येतील. आपला वापर ज्या पद्धतीचा, चाचणीही त्याच पद्धतीची हवी. २०१३ च्या सुमारास अमेरिकेत .२२ काडतुसांचा मोठा तुटवडा पडला, तेव्हा लोक मिळेल ती डबी उचलत होते. त्या काळातल्या तक्रारी आणि शिफारशी आजही फिरत असतात, पण कोणत्या रायफलमध्ये, किती गोळ्यांनंतर, याचा त्यांत पत्ताच नसतो.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटेल. एनसीसीत हाताळलेली .२२ बोल्टची होती. स्वप्नील कुसाळेचे पॅरिसमधले २०२४ चे कांस्यपदक आणि तेजस्विनी सावंतचे २०१० चे विश्वविजेतेपद हेही बोल्ट हाताने चालवायच्या रायफलवरचे. आपल्याकडे अर्धस्वयंचलित रिमफायर रायफल क्वचितच दिसते. पण हीच यंत्रणा, हेच काडतूस पंचवीस मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत आहे. राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले ते अर्धस्वयंचलित .२२ पिस्तुलावर. पुरुषांच्या रॅपिड फायर प्रकारात पाच गोळ्यांसाठी आठ, मग सहा आणि शेवटी चार सेकंद मिळतात. त्या प्रकारात पूर्वी .२२ शॉर्ट चालत असे. २००५ पासून लाँग रायफल बंधनकारक झाले, तेव्हा हत्यारे नव्याने घडवावी लागली. काडतूस बदलले की यंत्र बदलावे लागते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणार नाही. या स्पर्धांच्या नियमांत मान्य बिघाड आणि अमान्य बिघाड असा भेदही आहे. अडकल्यावर नेमबाजाने पिस्तूल लक्ष्याच्या दिशेलाच ठेवून हात वर करायचा आणि पंचाला सांगायचे. स्वतः बोल्ट उघडून पाहिले की बिघाड अमान्य ठरतो. त्या पातळीवरचे खेळाडू काडतूस कसे निवडतात तेही पाहण्यासारखे आहे. बर्मिंगहॅममध्ये एली आणि जर्मनीतल्या शोनेबेक येथे लापुआ यांच्या चाचणी केंद्रांवर नेमबाज आपले हत्यार घेऊन जातात आणि एकाच नावाच्या काडतुसाचे वेगवेगळे लॉट त्यातून झाडून पाहतात. नाव तेच, किंमत तीच, कारखाना तोच. तरी एक लॉट पसंत पडतो आणि दुसरा परत जातो. तिथे मुख्य कसोटी अचूकतेची असते, पण तर्क तोच आहे.

एक शेवटचा आक्षेप असा की अडकले तर अडकले, रायफल उघडून पुंगळी काढायची, त्यात एवढे काय. छंदासाठी झाडणाऱ्याला हे पटण्यासारखे आहे, पण शिकणाऱ्याला नाही. दर दहा गोळ्यांनी ज्याचे लक्ष पुंगळीकडे वळते त्याचा श्वास, पकड आणि ट्रिगर यांवरचा ताबा बसत नाही. आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने तर हे अजिबात पटण्यासारखे नाही. अडकलेली रायफल सोडवताना नळीची दिशा हटकून बदलते. ठोका पडून गोळी सुटली नाही तर ती काही क्षण उशिरा सुटू शकते. म्हणून नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायचे असते. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर गोळी नळीतच राहिलेली असू शकते, आणि त्यामागे दुसरी झाडणे म्हणजे नळी फोडणे. बोल्ट चालला नाही म्हणून तो हाताने मागे ओढून पुढचे काडतूस भरण्याची सवय ज्याला लागली आहे, तो नेमक्या याच प्रसंगी चुकेल.

पुढील प्रकरणे वाचताना वाचकाने एक वही जवळ ठेवावी. डबीवरचा लॉट क्रमांक, मॅगझिनचा क्रमांक, साफसफाईनंतरची कितवी गोळी अडली आणि पुंगळी किंवा काडतूस नेमके कुठे अडले, एवढ्या चार नोंदी पुरेत. तीनशे गोळ्या होईपर्यंत कोणत्याही काडतुसाची शिफारस करू नये, आणि ज्याच्याकडे अशी वही नाही त्याची शिफारस मानूही नये.